अलास्का क्रूझसाठी कोणती लेन्स घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जूनमध्ये लेकीकडं सिएटलला जायचंय. तिथून जावईबापूंनी अलास्काची क्रूझ ठरवलीय: जूनो, स्कॅगवे आणि ग्लेशियर बे. माझ्याकडं निकॉन डी७२०० कॅमेरा आणि १८-१४० मिमी लेन्स आहे. दांडेली, भीमगडकडं धनेश टिपायला ती कायम तोकडी पडते. शेंड्यावरचा पक्षी फोटोत नुसता ठिपका.

हिमनदीची काळजी नाही, तिथं याच लेन्सची रुंद (१८ मिमीची) बाजू पुरेल. अडचण हंपबॅक व्हेल आणि गरुडांची. निकॉनची २००-५०० मिमी लेन्स मनात आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सर, त्यामुळं दृश्य दीडपट जवळ आल्यासारखं दिसतं) ती ७५०चं काम करते, पण वजन सव्वादोन किलोच्या वर, आणि माझं मनगट आता कुरकुरायला लागलंय. ७०-३०० हलकी, स्वस्तही. पण हलत्या बोटीवरून तिच्या ४५०मध्ये (३००ची दीडपट) व्हेलची शेपटी नीट येईल का? इथला दुकानदार म्हणतो सरळ मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्या. तो म्हणणारच!

डेकवर इंजिनाची थरथर ट्रायपॉडमध्ये उतरते म्हणतात, म्हणून तो घरीच. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) न्यावा, की शटर १/१००० सेकंदावर ठेवून कॅमेरा हातातच धरावा? बर्फ करडा येऊ नये म्हणून एक्स्पोजर किती वाढवता? जूनोत पावसाची रिपरिप असते. खानापूरच्या पावसात प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँडवर भागतं, तिथं भागेल का?

बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात कुणाकडं २००-५०० असेल तर एखाद्या रविवारी तासभर हातात धरून बघू द्याल का? मी येतो तुमच्याकडं, कुंदा घेऊन.