चालतंय ना व्यवस्थित? मग विंडोज १० का सोडायचं?

संथगती

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ओळखीतला जो तो ‘अजून अकरावर गेला नाहीस?’ असं विचारतोय, आणि तेही लस चुकवलेल्या माणसाकडे बघावं तसं बघून. म्हणून एकदाच काय ते मांडतो. विरोध करायचा त्यांनी खुशाल करावा, धागा त्यासाठीच आहे.

माझ्या मशीनमध्ये सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. दिवसभर ब्राउझर, हिशेबाच्या शीट्स, अधूनमधून फोटोंची कामं. कुठेही अडत नाही. पण विंडोज ११ ला हे मशीन चालत नाही, कारण मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचेच प्रोसेसर हवेत. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सुरू होतानाच सिस्टिम तपासणारं सिक्युअर बूट. वेगाचा इथे संबंधच नाही. किमान अटींमध्ये रॅम फक्त ४ जीबी मागितली आहे! म्हणजे ४ जीबीवर रडतखडत चालणारा नवा लॅपटॉप पात्र, आणि माझं मशीन अपात्र.

त्या मोजक्या अपवादांकडेही जरा बघा. सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू नंतर यादीत घेतला गेला. हा प्रोसेसर कुठे होता? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये. आता ही रेघ निव्वळ तांत्रिक निकषांवर आखली, असं मला कुणी पटवून द्यावं.

नव्यात मिळणार काय, तर गोल कोपरे, मधोमध सरकवलेला स्टार्ट मेनू आणि सेटिंग्ज पुन्हा नव्या जागी. विंडोज ११ आलं तेव्हा टास्कबार बाजूला नेण्याची वर्षानुवर्षांची सोयही काढून टाकली होती. माझ्याकडे अँटीव्हायरस आहे, फायरवॉल आहे, आणि नको त्या लिंक मी उघडत नाही. मग चालतं मशीन भंगारात का काढायचं?

बूटलोडर

प्रचंड असहमत. प्रोसेसरच्या रेघेवर वाद घाला, मीही तुमच्या बाजूनं बोलेन कदाचित. पण ‘अँटीव्हायरस आहे आणि मी लिंक उघडत नाही’ हे वाक्य इथे वाचून आणखी दहा जण निर्धास्त होतील, म्हणून आधी त्यावर.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच येतात. पॅच म्हणजे एका अर्थी कुठे भोक होतं याची जाहीर कबुलीच. हल्लेखोर पॅचआधीची आणि पॅचनंतरची फाइल शेजारी ठेवून तुलना करतात आणि नेमकं काय दुरुस्त केलं ते शोधून काढतात. विंडोज १० आणि ११ च्या आतला बराचसा कोड एकच आहे. त्यामुळे ११ साठी आलेली दुरुस्ती अनेकदा १० मधल्या भोकाचा पत्ता सांगते. तुमच्या मशीनला ती दुरुस्ती मिळणार नसेल, तर पत्ता फक्त समोरच्याकडे आहे.

आणि ‘लिंक उघडत नाही’चं म्हणाल, तर वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसला लिंक लागतच नव्हती. १२ मे २०१७ ला तो सुटला आणि फाइल शेअरिंगच्या एसएमबी प्रोटोकॉलमधल्या भोकातून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपला आपण गेला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना नियोजित कामं पुढे ढकलावी लागली. पॅच कधी आला होता? १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी.

तिरकस तारा

अपडेटनं मशीन बंद पाडण्यापेक्षा व्हायरसनं पाडलेलं बरं, निदान तो आधी ‘तुमचा अनुभव अधिक सुंदर करत आहोत’ असं तरी म्हणत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीनं काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली साफ उडवल्या, कंपनीला वितरण थांबवावं लागलं. जुलै २०२४ मध्ये तर अख्ख्या जगातली मशीनं निळी पडली, विमानं जमिनीवर राहिली. अपडेट करा म्हणे. भीक नको पण कुत्रं आवर.

बूटलोडर

@तिरकस तारा, २०१८ चं अगदी बरोबर. २०२४ चं अर्धंच. १९ जुलैला जी सुमारे ८५ लाख मशीनं पडली, ती विंडोजच्या अपडेटमुळे नव्हे, तर क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरनं पाठवलेल्या सदोष फाइलमुळे. तुम्ही विंडोजचे अपडेट बंद ठेवले असते तरी ती फाइल आलीच असती.

तिरकस तारा

म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरनंच पाडलं. मग बरंच झालं म्हणायचं.

संथगती

@बूटलोडर, वॉनाक्रायचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. त्यात सापडलेल्यांपैकी बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ला तेव्हा सुरक्षेचे अपडेट मिळत होते. ते २०२० च्या जानेवारीपर्यंत चालले. पॅच हाताशी होता, लोकांनी लावला नाही. ज्याच्या नावानं तेव्हा सगळे खडे फोडत होते त्या जुन्या विंडोज एक्सपीवर संशोधकांनी चाचणी घेतली, तर ते बहुधा निळा स्क्रीन देऊन कोसळत होतं, रोग पुढे पसरवायलाही शिल्लक राहत नव्हतं. तेव्हा धडा ‘अपडेट करा’ असा आहे, ‘अपग्रेड करा’ असा नाही. तुम्ही लोक हे दोन शब्द एकाच पोत्यात घालता.

आणि अपडेट मी घेतोय. ईएसयूला, म्हणजे सुरक्षा अपडेटच्या मुदतवाढीला, नोंदणी केली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळणार.

बूटलोडर

अहो, मग हे मूळ धाग्यात का नाही लिहिलंत? आपण इतका वेळ भांडतोय कशावर?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: घरगुती वापरकर्त्यांना ही एक वर्षाची मुदतवाढ तीन प्रकारे घेता येते. ३० डॉलर भरा, किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट वापरा, किंवा मशीनच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवा. नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतात. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी नाहीत. (इथल्या अर्ध्या लोकांना हाच तिचा सर्वात मोठा फायदा वाटेल.)

शीर्षकात ‘चालतंय ना व्यवस्थित’ आणि आत ईएसयू, हे म्हणजे हेल्मेट घालून ‘मी कुठे पडतो’ असं सांगणं झालं. जे नोंदणी न करता नुसतेच थांबलेत त्यांचं काय?

ऑडिटवाली

कार्यालयाच्या बाजूनं थोडं लिहिते, कारण तिथे हा प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही.

संस्थांसाठी हीच मुदतवाढ पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे ६१ अधिक १२२ अधिक २४४, एकूण ४२७ डॉलर एका मशीनमागे, आणि शेवटी हातात तेच जुनं मशीन. ही रक्कम मुद्दामच बोचरी ठेवली आहे. दोन-चार अडलेल्या मशीनपुरती घ्यायची असते, सगळ्या मजल्यासाठी नव्हे.

पण मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. जुनी सिस्टिम एका दिवसात बंद पडते असं फार क्वचित होतं. आधी तिच्यावरचा ब्राउझर थांबतो. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, पुढच्या ११० पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून दार बंद. गेम्सच्या स्टीम ॲपनं १ जानेवारी २०२४ ला विंडोज ७ आणि ८ सोडलं. फायरफॉक्सनं ११५ ची ईएसआर (दीर्घकाळ सपोर्टची) आवृत्ती ठरल्यापेक्षा पुढे ताणली, म्हणून काही लोकांचं निभावलं. मग प्रिंटरचा नवा ड्रायव्हर मिळत नाही. मग एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतानाच नकार देतं.

प्रमाणपत्रांचं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. संकेतस्थळ खरं आहे की नाही हे मशीन आपल्या आत साठवलेल्या मूळ प्रमाणपत्रांवरून ठरवतं. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं वापरणारी कित्येक संकेतस्थळं जुन्या मॅकवर उघडेनात. मशीन ठणठणीत, इंटरनेट चालू, पण समोर ‘हे कनेक्शन खाजगी नाही’. लोकांना वाटलं संकेतस्थळच बिघडलं.

विंडोज १० ची ही अवस्था आज नाही, हे मान्य. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲप्सना विंडोज १० वर सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, डिफेंडर या विंडोजच्या अंगभूत अँटीव्हायरसला नवे व्हायरस ओळखायच्या व्याख्याही तोवर येतील. संथगती यांना घाई नाही, हे खरंच. पण घाई नसतानाच हलावं. शेवटच्या आठवड्यात हलवलेल्या मशीनवर कुणाची तरी फाइल हमखास राहून जाते, आणि ती नेमकी ज्याला सगळ्यात जास्त बोलता येतं त्याची असते.

निगेटिव्हवाली

सगळे वापरकर्ते ब्राउझरवाले नसतात हो. माझ्याकडे फिल्म स्कॅनर आहे. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा. कंपनीनं ६४ बिटचा काढलाच नाही आणि आता काढणारही नाही. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती अस्तित्वातच नाही. तर मी विंडोज ७ च्या मशीनवर काम करते, त्याला नेट जोडलेलं नाही, फाइली पेनड्राइव्हनं नेते. स्कॅनर अजूनही उत्तम निकाल देतो. यात मी काय चुकीचं करते ते सांगा.

बूटलोडर

काहीच नाही. नेट काढलंत हेच खरं शहाणपण. फक्त पेनड्राइव्ह त्या एकाच कामासाठी वेगळा ठेवा आणि इतरत्र कुठेही लावू नका. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस नेटशी न जोडलेल्या मशीनपर्यंत यूएसबी ड्राइव्हमधूनच पोचला होता. ड्राइव्हमधल्या शॉर्टकटचं नुसतं चिन्ह पडद्यावर दिसलं तरी पुरे होतं. तुमच्या निगेटिव्हमागे कुणी एवढं लागणार नाही, पण वाट तीच.

काठावरचा

कुणीच बोललं नाही म्हणून: अपात्र मशीनवरही विंडोज ११ चढवता येतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या यादीत) एक नोंद करा किंवा रुफस या प्रोग्रामनं यूएसबी बनवताना अटी वगळा. माझं सुरळीत चाललंय.

ऑडिटवाली

@काठावरचा, चालतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी नाही, हे कंपनीनं आधीच सांगून ठेवलंय. वार्षिक आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी तोच खटाटोप. आणि २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ च्या सूचना नसतील तर विंडोज सुरूच होत नाही, तिथे रजिस्ट्री कामाला येत नाही. अर्थात एवढे जुने प्रोसेसर फार थोड्यांकडे असतील. माझ्या मते ज्याला सुरक्षेसाठी हलायचंय त्यानं असं हलण्यात अर्थ नाही. गंमत म्हणून करा.

पेंग्विनप्रेमी

विंडोज काढून लिनक्स मिंट ही सिस्टिम टाका. २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे, २०२९ पर्यंत अपडेट. टीपीएम लागत नाही, खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. यूएसबीवरून आधी चालवून बघा, डिस्कला हातही लागत नाही. विषय संपला.

तिरकस तारा

अर्धा धागा वाट बघत होतो, हे आले कसे नाहीत अजून.

ऑडिटवाली

विषय संपत नाही. ब्राउझर, पत्रं, सिनेमे यांसाठी मिंट उत्तम. पण फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती तिथे थेट बसत नाही. मॅक्रोंनी (शीटमधल्या छोट्या प्रोग्रामांनी) भरलेल्या एक्सेल शीट्स लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहिल्यात का कधी? संथगती यांच्या हिशेबाच्या शीट्समध्ये मॅक्रो आहेत का, यावर सगळं अवलंबून.

संथगती

मॅक्रो नाहीत. साध्या बेरजा आहेत.

@बूटलोडर, प्रोसेसरच्या रेघेवर माझ्या बाजूनं बोलेन म्हणाला होतात. वाट बघतोय.

बूटलोडर

बोलतो, पण आधी त्यांची बाजू. विंडोजमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सोय आहे. ती व्हर्च्युअलायझेशन वापरून सिस्टिमच्या गाभ्यात चालणाऱ्या कोडची तपासणी वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात करते, म्हणजे बिघडवलेला ड्रायव्हर आत घुसला तरी त्याला हवा तो कोड चालवता येत नाही. नव्या प्रोसेसरमध्ये यासाठी हार्डवेअरची मदत आहे. जुन्यात ती नसल्यानं तेच काम सॉफ्टवेअरनं करावं लागतं आणि मशीन जाणवण्याइतकं मंदावतं. त्यामुळे कुठेतरी रेघ ओढणं भाग होतं. ती नेमकी आठव्या पिढीवरच का, याचं समाधानकारक उत्तर मलाही मिळालेलं नाही.

संथगती

पण मेमरी इंटिग्रिटी विंडोज १० मध्येही आहे. आणि विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्जमधून एका बटणानं बंद करता येते. म्हणजे जिच्यासाठी माझा प्रोसेसर नाकारला ती सोय पात्र मशीनवाल्यांना ऐच्छिक, आणि तो प्रोसेसर मात्र सक्तीचा. हे कसं काय?

बूटलोडर

या मुद्द्यावर तुम्ही जिंकलात. कॅनलिस या बाजार संशोधन कंपनीनं २०२३ अखेरीला अंदाज दिला होता की या बदलापायी सुमारे २४ कोटी पीसी भंगाराकडे जाऊ शकतात. त्यातली कितीतरी तुमच्यासारखीच धडधाकट असणार, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं.

पण कंपनी चुकली म्हणून तुमच्या मशीनमधली भोकं बुजत नाहीत. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर काय करणार, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

संथगती

त्या दिवशी बँकेची आणि हिशेबाची कामं दुसऱ्या मशीनवर, आणि या मशीनवर मिंट. पण पेंग्विनप्रेमींना एवढ्यात सांगू नका, वर्षभर ऐकवतील.

पेंग्विनप्रेमी

वाचलं.