वाहतूक तंत्रज्ञानाच्या परिषदेला जाऊन आलो. पुराच्या दिवसांत आपल्या कामाचं यातलं काय?

शिरोली_ट्रान्सपोर्ट

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंगचा माल चाकणला आणि बेंगळुरूला नेतो, स्वतःच्या गाड्या आहेत. परवा मुंबईत वाहतूक तंत्रज्ञानाची परिषद होती, सोबत प्रदर्शन. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन आलो. बघण्यासारखं खूप होतं. नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे, न थांबता टोल कापणाऱ्या कमानी, गर्दी बघून स्वतःच वेळ बदलणारे सिग्नल. दाभोळकर कॉर्नरला असा एखादा सिग्नल मिळाला तर मला आनंदच होईल.

पण माझ्या डोक्यात पुणे-बेंगळुरू महामार्ग होता. 2019 च्या पुरात माझ्या गाड्या किणी टोलनाक्याच्या अलीकडे अडकल्या होत्या. ड्रायव्हर केबिनमध्येच राहिले, आसपासच्या गावकऱ्यांनी भाकरी-आमटी आणून दिली म्हणून निभावलं. 2021 ला पुन्हा तेच. पाणी काही अचानक येत नाही हो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण सगळे दिवसभर बघत असतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कसबा बावड्यातल्या शाळेच्या पोरालाही पुढचं कळतं. कळत नाही ते साताऱ्याहून माल भरून निघालेल्या परमुलखातल्या ड्रायव्हरला.

एका स्टॉलवर भल्यामोठ्या पडद्यावर शहराचा नकाशा होता, लाल-हिरवे रस्ते. तिथल्या मुलाला विचारलं, रस्ता पाण्याखाली गेला तर नकाशात काय दिसेल? त्यानं प्रामाणिक उत्तर दिलं. रस्त्यावरच्या मोबाइलांच्या हालचालीवरून वेग काढतात. गाडीच नसेल तर आकडाच येत नाही. बंद आहे की नुसता मोकळा, हे कुणीतरी वेगळं कळवावं लागतं. हे उत्तर मला सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचं वाटलं.

तेव्हापासून मनात एकच घोळतंय. कराडच्या अलीकडच्या तासवडे टोलनाक्यावर प्रत्येक गाडीचा फास्टॅग वाचला जातो. फेब्रुवारी 2021 पासून तो सगळ्यांना सक्तीचाच आहे. पैसे कापल्याचा मेसेज लगेच येतो. मग पुराच्या दिवसांत त्याच मेसेजमागोमाग "शिरोलीजवळ महामार्ग बंद, कराडलाच थांबा किंवा वळा" असा दुसरा का पाठवू नये? जाणकारांनी सांगावं, हे होण्यासारखं आहे का? आधी कुणाकडे मागायचं?

रंकाळा_ते_पुणे

दादा, मी सिग्नल यंत्रणेत काम करतो, मूळचा गंगावेशीतला. कल्पना चांगली आहे, पण एक अडचण आहे. फास्टॅगच्या चिपमध्ये बॅटरी नसते, ती नुसती वाचली जाते. मेसेज जातो तो नोंदवलेल्या नंबरवर, आणि ट्रकच्या बाबतीत तो बहुतेक वेळा मालकाचा असतो. मालक राजस्थानात झोपलेला असेल तर?

म्हणून रस्त्याकडेला अक्षरं बदलणारा मोठा फलक हवाच. तो वळायची संधी असेल तिथं, म्हणजे कराडच्या अलीकडे लागला पाहिजे. शिरोलीच्या तोंडावर लावून उपयोग शून्य. पुलावर रडारनं पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवता येतं. त्याला सौरऊर्जा द्या आणि संपर्काचे दोन मार्ग ठेवा, कारण पुरात वीज आधी जाते आणि मागोमाग टॉवर.

2023 मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंगा वाजून सरकारी चाचणीचा संदेश आला होता, आठवतंय? तो टॉवरच्या हद्दीतल्या प्रत्येक फोनवर जातो, नंबर माहीत असावा लागत नाही. ड्रायव्हरच्या खिशातल्या फोनपर्यंत पोचायला तोच रस्ता सरळ आहे.

यंत्रांपेक्षा अवघड भाग वेगळाच. किती पातळीला कोणता संदेश द्यायचा आणि तो कुणाच्या सहीनं, हे जूनच्या आधी कागदावर ठरलेलं हवं. ऐन पावसात फाईल फिरवत बसलो तर सगळं वाया.

एसटी_वाहक_ताई

महामार्गाचं बोलताय ते बरोबरच आहे, पण आमच्याकडंही बघा जरा. रेडेडोह फुटला, म्हणजे पुराचं पाणी तिथून बाहेर पडलं, की पन्हाळा-रत्नागिरी रस्ता बंद. बालिंग्याला पाणी चढलं की गगनबावड्याची गाडी अडली. आम्हाला हे कधी डेपोतून फोनवर कळतं, कधी समोरून येणाऱ्या ड्रायव्हरकडून. कळ्याची बाई सकाळी दूध घालून सीपीआर दवाखान्यात नातेवाइकाला बघायला आलेली असते. संध्याकाळी स्टँडवर येते तेव्हा गाडी नाही, आणि कुणी धड सांगत नाही. दुपारीच स्टँडवर पुकारलं असतं, "चारनंतर बालिंग्यापुढं गाडी जाईल याची खात्री नाही", तर ती तीनलाच निघाली असती.

सार्वजनिक गाड्यांना जागा दाखवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण बसवायचा नियम 2019 पासूनचा. त्या माहितीतून गाडी कुठं थांबलीय हे कळतं. ते प्रवाशाला दिसू द्या, एवढंच मागणं आहे. आणि मराठीत, मोठ्या अक्षरात.

कराड_टायरवाला

माझं दुकान हायवेलाच आहे. पुराच्या दिवसांत शंभरजण विचारतात, "भैया, आगे रास्ता है क्या?" मी सांगतो तेवढंच त्यांना कळतं. कराडला खरंच पर्याय आहेत. गुहागर-विजापूर रस्ता इथूनच आडवा जातो. कर्नाटकात जायचं असेल तर विटा, जतमार्गे विजापूर; कोकणात उतरायचं तर पाटणवरून कुंभार्ली घाट. पण कुंभार्लीत दरड नाही ना, हेही त्याच फलकावर पाहिजे, नाहीतर एकीकडून काढून दुसरीकडं अडकवल्यासारखं होईल. गाड्या थांबवायच्या तर जागाही आधी ठरवा. पाणी आणि संडास असलेली. रस्त्याकडेला रांग लावून माणसाला थांबा म्हणू नये.

शिरोली_ट्रान्सपोर्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, स्टँडवर पुकारण्याचा मुद्दा मी पहिल्या पानावर घेतो. त्याला एक माईक आणि एक जबाबदार माणूस लागतो, तो यंदाच्या पावसाळ्यातही होईल. टायरवाले दादा, थांबण्याच्या जागांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक गोष्ट जोडतो. खाली यमगर्णीला वेदगंगा चढली की महामार्ग तिथंही थांबतो, आणि ते गाव कर्नाटकात. बेळगावकडून येणाऱ्याला संकेश्वरच्या आधी कळलं तर तो गडहिंग्लज-आंबोलीकडे वळायचा विचार तरी करेल, हिरण्यकेशी आडवी आली नसेल तर. त्यासाठी हत्तरगीच्या टोलनाक्यावरही तीच सोय लागणार, म्हणजे दोन राज्यांचं बोलणं आलं. म्हणून अर्ज जिल्हाधिकारी आणि महामार्ग प्राधिकरण दोघांनाही देतोय, प्रत बेळगावला.

पुण्याचे सर, पातळीनुसार संदेशांचा तक्ता तुम्ही बनवाल का? मजकूर मराठी, कन्नड आणि हिंदीत लागेल. कन्नड माझा बेळगावचा ड्रायव्हर लिहून देईल. आणि 2019, 2021 ला कोणता रस्ता कुठल्या पातळीला बंद झाला हे ज्यांच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये असेल, त्यांनी तारखेसकट इथं टाका. वडणगे, आंबेवाडी, चिखलीवाल्यांनी तर नक्कीच.