अनुभव धागा : शिस्तीच्या कौतुकाआड राहिलेले दुखणे

परवा भाचा ताटातला प्रत्येक पदार्थ काट्यावर मोजून घेताना दिसला आणि माझी विशीतली वर्षे आठवली. परीक्षेचा ताण वाढला की मी जेवण तोडत असे, आणि चार घास जास्त गेलेच तर ते 'जिरवण्यासाठी' नडगी ठणकत असतानाही रात्री धावायला जात असे. घरीदारी माझ्या चिकाटीचे कौतुकच होत असे. पोरगा नीट जेवतो का, हे विचारावे असे कोणालाही वाटले नाही. आपल्यापैकी कोणाला, किंवा घरातल्या मुलाला, असा त्रास झाला असल्यास तो कसा लक्षात आला, हे कृपया लिहावे.

रानवाट : नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, तेव्हा डॉक्टरांनी धावण्याआधी जेवणाची चौकशी केली. खाल्लेले सगळे व्यायामातच खर्ची पडले, की शरीर इतर कामांत हात आखडता घेते, टेस्टोस्टेरॉन घटते आणि हाडे कमकुवत होतात, असे त्यांनी समजावले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या ऊर्जातुटीच्या व्याख्येत पुरुष खेळाडूंनाही घेतले. त्याआधी हा प्रश्न मुख्यतः महिला खेळाडूंचाच मानला जाई.

मायेची सावली : आमचा मुलगा बारीक नव्हता, म्हणूनच आम्हाला शंका आली नाही. पिळदार दंड असूनही तो स्वतःला किडकिडीत म्हणे, ढगळ सदरे घाली, आणि जिम चुकेल म्हणून बहिणीच्या साखरपुड्यालाही आला नाही. या अवस्थेला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, हे आम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडून कळले. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात तिची नोंद 2013 मध्ये झाली, आणि त्याच आवृत्तीत ॲनोरेक्सियाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने जेवण तोडत जाण्याच्या आजाराच्या) निदानासाठी असलेली पाळी थांबण्याची अट काढली गेली. ती अट असेपर्यंत मुलांचा विचार कोण करणार होते?

जुना वाचक : उपाशी माणसाला 'मन आवर' असे सांगणाऱ्यांनी मिनेसोटातला 1944-45 चा प्रयोग जरूर वाचावा. त्यात 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. मन आधी बिघडते आणि मग जेवण सुटते, असेच नेहमी घडत नाही. उपासमारही मन बिघडवते.

रानवाट : सावलीताई, मुलाशी बोलायला सुरुवात कशी केलीत? माझा धाकटा भाऊ हल्ली सगळ्यांबरोबर जेवायला बसणेच टाळतो.

मायेची सावली : वजनाचा आणि दिसण्याचा विषय आम्ही पूर्णपणे टाळला. झोप लागते का, चक्कर येते का, एवढेच विचारले, आणि तपासणीला त्याच्याबरोबर गेलो. भाऊ जेवणानंतर उलट्या काढत असेल, तर मात्र थांबू नका. पोटॅशियम घसरले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी लगेच करून घ्या.