मार्गदर्शक आपल्यातलाच हवा का?

(टोपणनावांनी झालेली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

अमेरिकेतील नाट्यविद्यालयांत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय, आणि त्यातही क्वीअर (समलिंगी वा लैंगिकदृष्ट्या रूढ चौकटीबाहेरच्या) विद्यार्थ्यांना मार्गदर्शक त्यांच्यातलाच मिळायला हवा, असे माझे मत आहे आणि ते मी जरा आग्रहानेच मांडते. लेखक जेम्स बाल्डविन स्वतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी. १९८३ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात कथालेखनाचा वर्ग घेत असे. शेजारच्या माउंट होल्योक कॉलेजातून येणारी सुझन-लोरी पार्क्स ही विद्यार्थिनी आपली कथा वाचताना हातवारे करी, पात्रांचे आवाज काढी. बाल्डविनने तिला विचारले, की तू नाटक लिहिण्याचा विचार का करत नाहीस? त्याच सुमारास तिच्या स्वतःच्या कॉलेजातील नाट्यविभागाने तिचे पहिले नाटक करायला नकार दिला. कारण काय, तर त्यात रंगमंचावर माती लागणार होती! पुढे तिने ‘द अमेरिका प्ले’ लिहिले तेव्हा सगळे नाटकच एका भल्यामोठ्या खड्ड्यात उभे केले आणि नायकही खड्डे खणणारा घेतला. २००२ मध्ये नाटकाचे पुलित्झर पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. या मुलीच्या मातीत काय दडले आहे हे कोणाला दिसले आणि कोणाला केवळ झाडूचा खर्च दिसला, याचा विचार करावा.

विंगेतून

उदाहरण सुंदर आहे, पण ते आपल्या म्हणण्याला पुरेसा आधार देत नाही. बाल्डविन न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, गरिबीत वाढलेला. पार्क्स लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, शाळेची काही वर्षे पश्चिम जर्मनीत काढलेली. त्यांच्यात वर्ण समान होता, बाकी फारसे काही नाही. मग बाल्डविनला जे दिसले ते वर्णामुळे दिसले की चांगल्या लेखकाचा कान असल्यामुळे?

मी उलट बाजूचे उदाहरण देतो. कृष्णवर्णीय लेखिका एड्रियन केनेडी १९६२ मध्ये न्यूयॉर्कला नाटककार एडवर्ड आल्बीच्या लेखनवर्गात शिकत होती. आल्बी गोरा, समलिंगी आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, गाजू लागलेला. केनेडीच्या ‘फनीहाउस ऑफ अ निग्रो’ या नाटकातील सारा नावाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीची दुभंगलेली रूपे म्हणून राणी व्हिक्टोरिया, येशू आणि काँगोचा नेता पॅट्रिस लुमुम्बा रंगमंचावर येतात. वर्गात सादरीकरणाची वेळ आली तेव्हा केनेडी घाबरली. वर्णवाचक शिव्या गाळून तिने सौम्य संहिता तयार केली आणि वर्गच सोडायचे ठरवले. आल्बीने तिला सांगितले, की नाटककार म्हणजे आपली आतडी रंगमंचावर काढून ठेवणारा माणूस, आणि तू तेच केले आहेस. ही आठवण तिनेच सांगितलेली आहे. मूळ संहिताच सादर झाली, आणि १९६४ मध्ये नाटक व्यावसायिक रंगमंचावर येऊन त्याला ओबी हा ब्रॉडवेबाहेरच्या नाटकांसाठीचा पुरस्कार मिळाला. ‘आपल्यातला’ हा निकष लावला असता तर तो वर्ग तिला मिळालाच नसता.

अर्धा पडदा

दोघांनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्याच संस्थेत, ओवेन डॉडसन हा समलिंगी कवी १९४७ पासून दोन दशकांहून अधिक काळ नाटक शिकवत होता. १९४९ मध्ये हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी स्कँडिनेव्हिया आणि जर्मनीचा दौरा केला आणि नॉर्वेच्या प्रेक्षकांसमोर त्यांच्याच इब्सेनचे ‘द वाइल्ड डक’ सादर केले. बाल्डविनचे ‘द आमेन कॉर्नर’ ब्रॉडवेवर १९६५ मध्ये आले. डॉडसनने ते १९५५ मध्येच विद्यार्थ्यांना घेऊन बसवले होते. तिसरी घंटा यांना हवा तसाच, अगदी नेमका मार्गदर्शक तिथे होता. मात्र त्या काळातील प्राध्यापकाला आपल्या खासगी आयुष्याविषयी वर्गात उघड बोलण्याची सोय नव्हती. क्वीअर विद्यार्थ्यासमोर रोज उभा राहणारा माणूस क्वीअर आहे, पण ते बोलता येत नाही, अशा सारखेपणाचा विद्यार्थ्याला कितीसा उपयोग?

तिसरी घंटा

डॉडसनविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे. पण दोष डॉडसनचा नाही, त्याला गप्प ठेवणाऱ्या काळाचा आहे. आल्बीचे उदाहरणही मी नाकारत नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये: आल्बीच्या मागे नाव होते, पैसा होता, निर्मितीसंस्था होती. कृष्णवर्णीय मार्गदर्शकांच्या हाती अशी साधने किती होती? कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सनने १९९६ मध्ये प्रिन्स्टन येथील भाषणात सांगितले होते, की प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या संघटनेतील ६६ संस्थांपैकी कृष्णवर्णीय म्हणता येईल अशी एकच आहे. एवढ्या विषम व्यवस्थेत ‘चांगला कान कोणाचाही असू शकतो’ हे वाक्य फार सोयीचे होते.

विंगेतून

विल्सनचे नाव आपणच काढलेत हे बरे झाले. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या रंगमंचावर त्याच्या ‘रेडिओ गोल्फ’ या नाटकाच्या तालमी चालू होत्या, तेव्हा टॅरेल आल्विन मक्रेनी हा विद्यार्थी त्याचा सहायक होता. विल्सनने शाळा अर्धवट सोडून पिट्सबर्गच्या सार्वजनिक वाचनालयात स्वतःला शिकवलेले. मक्रेनी पदवीधर, मायामीच्या लिबर्टी सिटी वस्तीतला आणि समलिंगी. विल्सनच्या दहा नाटकांच्या मालिकेत समलिंगी माणूस मध्यभागी कुठेही नाही. मक्रेनीने मात्र आपल्या नाट्यत्रयीचे तिसरे नाटक मार्कस या समलिंगी मुलालाच दिले, आणि ‘ओगुन आत येतो’ (ओगुन हे एक पात्र) यासारख्या रंगसूचना पात्रांच्याच तोंडी घातल्या. (मला आपला सूत्रधार आठवतो, तो भाग वेगळा.) हे विल्सनने शिकवलेले नव्हे, आणि तरीही विल्सनच्या शेजारी बसल्याशिवाय हे घडले असते असे मला वाटत नाही. गुरूकडून घ्यायचे ते घेऊन जे नाही ते आपण लिहायचे असते.

तालीमखोर

आपल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांचा थोडा अनुभव आहे म्हणून लिहितो. आपल्याकडे माजी विद्यार्थी ‘दादा’ बनून येतो, एकांकिका बसवून देतो आणि करंडक मिळाला की विद्यार्थ्याची मूळ संहिता कशी होती हे कोणालाच आठवत नाही. हा दादा पूर्णपणे मुलांच्यातलाच असतो, त्याच कॉलेजचा, बहुधा त्याच जातीवर्गाचा. सारखेपणामुळे त्याची लुडबुड कमी होत नाही, उलट ती खपून जाते.

मक्रेनी २०१७ मध्ये येलच्या नाट्यलेखन विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा जेरेमी ओ. हॅरिस तिथेच शिकत होता. त्याचे ‘स्लेव्ह प्ले’ २०१८ मध्ये न्यूयॉर्कला आले तेव्हा ते बंद करा अशी मागणी करणारे केवळ गोरे नव्हते. आपल्या गुलाम पूर्वजांच्या यातनांचा खेळ मांडला म्हणून कृष्णवर्णीय प्रेक्षकही चिडले होते. पुढे त्या नाटकाला ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांची १२ नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. अशा वेळी विभागप्रमुखही कृष्णवर्णीय आणि समलिंगी असेल, तर विद्यार्थ्यावरचा आरोप त्याच्यावरही येतो. त्याने पाठीशी उभे राहावे, की दोन पाने कापायला सांगावीत?

तिसरी घंटा

दोन पाने कापायला कोणीही सांगू शकतो. पण ती कापल्यावर काय गेले, हे ज्याला समजावून सांगावे लागत नाही असा निदान एक माणूस त्या तालमीत असावा, एवढीच माझी मागणी आता उरते. आधीची मागणी यापेक्षा मोठी होती, हे कबूल.

विंगेतून

एवढ्याला माझी हरकत नाही. मात्र तो माणूस कोण हे विद्यार्थ्याला ठरवू द्या, प्रवेश अर्जावरच्या रकान्यांवरून ठरवू नका.