‘गॉडमोडिंग’ला मराठीत काय म्हणावं?

सुरंगी: लिखित भूमिकाखेळात, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पात्राचं लिहीत गोष्ट पुढे न्यायच्या खेळात, दुसऱ्याच्या पात्राचं आपणच लिहून टाकलं की त्याला ‘गॉडमोडिंग’ म्हणतात. सिंधुदुर्गातले गडी सरसकट ‘रडीचो डाव’ म्हणतात. बरोबर आहे?

रापण: अर्धवट. रडीचा डाव म्हणजे हरायला लागल्यावर नियम नाकारणं. इथे गडी हरत नसतो, सगळ्यांचं तोच खेळत असतो. नमुना घ्या: ‘तांडेलाने खलाशाला ढकललं. तो खाडीत पडला आणि गयावया करू लागला.’ क्रिया तीन, त्यातली तांडेलाच्या हक्काची एक. बाकीच्या दोन खलाशी खेळणाऱ्याच्या. मी याला ‘परकायाप्रवेश’ म्हणेन. दुरुस्त करायचं तर: ‘तांडेलाने खलाशाच्या छातीवर हात टेकून जोरात रेटा दिला.’ बस, इथेच थांबायचं. पडायचं, सावरायचं की तांडेलालाही सोबत ओढायचं, हे समोरचा लिहील.

सुरंगी: ‘ढकललं’ चालतं, मग ‘पाडलं’ का नाही?

रापण: ‘पाडलं’मध्ये पडणं होऊन गेलेलं असतं. पडणे-पाडणे, बुडणे-बुडवणे, रडणे-रडवणे अशा जोड्यांतलं दुसरं रूप निकालासकट येतं. मराठीत नवखे बहुतेक इथेच फसतात, कारण वाक्य ऐकायला अगदी सरळ वाटतं. ‘तो घाबरला’ हेही तसंच. भीती ज्याची त्याने लिहावी.

खाडीकाठ: दशावतारातही संवाद लिहिलेले नसतात. तिथे कुठे अडतं?

रापण: तिथे आख्यान आधी ठरतं. राक्षस मरणार हे दोघांनाही ठाऊक असतं, आयत्या वेळचे असतात ते शब्द. मुक्त खेळात शेवट उघडा. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हा मजकुरी खेळ सुरू झाला. त्यात वार लागला की चुकला हे संगणक ठरवायचा. संगणक काढून घेतला की ते काम शिष्टाचारावर येतं. मोठी इजा किंवा मरण हवं असेल तर आधी विचारून घ्यावं.

खाडीकाठ: पण मग प्रत्येक वार चुकवणारेही निघतात.

रापण: त्यांना शब्द तयारच आहे: अमरपट्टा. तीन वारांतला एखादा तरी अंगावर घ्यावा, नाहीतर समोरचा कंटाळून निघून जातो.

सुरंगी: आणि ‘मेटागेमिंग’? दुहेरी कंसातलं बोलणं खेळाडूंचं, तरी पात्र ते ऐकल्यासारखं वागतं. ‘गलबतात दारू लपवलीय’ असं कंसात लिहिलं की पुढच्याच नोंदीत कोतवाल थेट तळाशी!

खाडीकाठ: ‘कानचोरी’?

रापण: नको. ऐकणं चोरून नसतं, सगळ्यांसमोरच लिहिलेलं असतं. चूक वापरण्यात आहे. रंगपटात ऐकलेलं रंगमंचावर बोलायचं नाही, त्यावरून ‘रंगपटफोड’ कसा वाटतो?

सुरंगी: पेपरफुटीसारखा. चालेल.