पौलाची ‘फेरी’, ‘यात्रा’ की ‘दौरा’?

नकाशेवाला:
बायबलमधला प्रेषित पौल येशूचा संदेश घेऊन गावोगाव फिरला, त्या प्रवासांचा भिंतीवरचा नकाशा मराठीत करतोय. अंत्युखिया, कुप्र (सायप्रस), फिलिप्पै, करिंथ, इफिस, सगळी गावं लागली. अडलंय शीर्षकावर. मी ‘दुसरी मिशनरी यात्रा’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘फेरी’ केलं. म्हणाल्या, यात्रा देवाच्या गावाला जाते, हा तर देवाचं नाव घेऊन बाहेर पडलाय. पण ‘फेरी’ म्हटलं की मला भाजीची हातगाडी दिसते. काय ठेवू?

शब्दखुळा:
फेरी म्हणजे निघालो तिथे परत. पहिल्या प्रवासाला बसेल. अंत्युखियाहून कुप्र, पुढे इकुन्य, लुस्त्र, दर्बे आणि बरीचशी तीच गावं करत माघारी. पण दुसऱ्यात पठ्ठ्या करिंथात दीड वर्ष राहिला. तिसऱ्यात इफिसला तुरन्नाच्या पाठशाळेत २ वर्षं रोज चर्चा झोडत होता. याला फेरी नाही, बिऱ्हाड म्हणतात.

नगरची लेक:
आमच्याकडे ‘पौलाच्या फेऱ्या’च. संडे स्कूलच्या परीक्षेत तिन्ही फेऱ्या नकाशात काढायला लागायच्या, तेव्हा कुणाला हातगाडी दिसली नाही. आणि दिसली तरी काय बिघडलं? करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो पोटापाण्यासाठी राहुट्याच करत होता की!

शुद्धमती:
मुळात ‘मिशनरी’ कशाला? ‘धर्मसंचार’ म्हणा.

वसईकर:
संचार म्हटलं की आधी संचारबंदी आठवते. ‘मिशनरी’च्या मुळाशी लॅटिनमध्ये ‘पाठवणे’ आहे. ग्रीक ‘अपोस्तलोस’च्या मुळाशी तेच, आपल्या ‘प्रेषित’मध्येही तेच. ‘प्रेषित पौलाची मिशनरी फेरी’ म्हणजे पाठवलेल्याला दोनदा पाठवलं.

आडवाट:
हे प्रवास सांगणाऱ्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात पौलाला प्रेषित म्हटलंय ते फक्त १४व्या अध्यायात, तेही सोबती बर्णबाच्या जोडीने. एरवी तो शब्द येशूच्या बारा शिष्यांसाठी. स्वतःच्या पत्रांत मात्र पौल तो ठासून लावतो. आणि पहिली-दुसरी-तिसरी हे आकडे त्या पुस्तकात नाहीतच, नंतरच्या वाचकांनी घातलेत. नुसतं ‘पौलाचे प्रवास’ लिहा.

शुद्धमती:
त्यापेक्षा ‘कृत्ये’चं काहीतरी करा! पेपरात कृत्य एकतर भ्याड असतं नाहीतर निंदनीय. नव्या वाचकाला वाटेल प्रेषितांवर गुन्हा दाखल झालाय.

नगरची लेक:
नित्यकृत्य, धर्मकृत्य विसरलात? पेपरवाल्यांनी शब्द नासवला म्हणून आम्ही पुस्तकाचं नाव बदलायचं? बंगालमधल्या सेरामपूर मिशनचा मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग, ‘कृत्ये’ त्यातलंच) १८११चा. तुमचा पेपर कधीचा?

शब्दखुळा:
शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनाच जुना अर्थ नको, हे मजेशीर आहे.

आडवाट:
मला त्या पुस्तकातलं ‘आम्ही’ जास्त आवडतं. १६व्या अध्यायात त्रोवस बंदरात ‘ते’ जाऊन अचानक ‘आम्ही’ येतं. सांगणारा स्वतःच गलबतावर चढलेला. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ला एकच शब्द. मराठीत निवडावं लागतं, आणि ‘आम्ही’ म्हटलं की वाचक धक्क्यावरच राहतो.

वसईकर:
गलबत नव्हे, तारू! २७व्या अध्यायात पौलाला रोमला नेताना वादळात सापडतं ते तारू. माणसं २७६, माल गव्हाचा. माझे आजोबा मच्छीमार, तारू आणि गलबत एक म्हटलेलं त्यांना खपलं नसतं.

शब्दखुळा:
त्या रोमच्या प्रवासाला काय म्हणाल? पौल कैदी, सोबत शताधिपती आणि शिपाई. फेरी नाही, यात्रा नाही, दौरा तर नाहीच. सरळ ‘रवानगी’.

नकाशेवाला:
रवानगी घेतो, चौथ्या बाणाला! पण दुसऱ्या बाणाचं काय? उद्या छपाईला द्यायचंय.

शुद्धमती:
धर्मसंचार.

नगरची लेक:
फेरी.

वसईकर:
ते राहू द्या, वर ‘राहुटी’ आली होती. ती ‘राहणे’वरून की ‘राऊत’वरून? माझं मत राऊत. घोडेस्वाराचा तंबू.

शब्दखुळा:
साफ चूक. राहणे. उद्या सविस्तर लिहितो.