पोट 'गळतंय' म्हणून द्राक्षबियांच्या गोळ्या?

अनघा_पंचवटी
परवा इथे एकांनी लिहिलं: "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने आतड्याची टाइट जंक्शन उघडतात, विष रक्तात जातं, सांधेदुखी-थायरॉइड सगळं त्यातूनच. झोन्युलिन टेस्ट करा, द्राक्षबियांचा अर्क सुरू करा." दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा. आधी शब्द: टाइट जंक्शन म्हणजे आतड्याच्या शेजारशेजारच्या पेशींमधली घट्ट शिवण, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंचा पेशींवरचा मारा, आणि झोन्युलिन म्हणजे ती शिवण सैल करणारं प्रथिन.

पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. पेशींमधली फट ऑक्लुडिन आणि क्लॉडिन ही प्रथिनं राखतात. झेडओ-१ हे आणखी एक प्रथिन त्यांना पेशीच्या आतल्या ॲक्टिनच्या धाग्यांशी बांधून ठेवतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर हा स्ट्रेस आणायला हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की ऑक्लुडिनच्या टायरोसिन या घटकावर फॉस्फेट चढतं, झेडओ-१ची पकड सुटते, थराचा विद्युतरोध घसरतो, म्हणजे फट उघडते. इथवर मान्य. पण तिथून थेट गोळ्यांच्या डबीवर कसे पोचलात? अर्क अँटिऑक्सिडंट, म्हणजे हा स्ट्रेस शमवणारा, म्हणून? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलं. १९९४ला निकाल आला तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला होता. अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे अपाय नाही, हा समज तेव्हाच निकालात निघाला. आणि झोन्युलिनचे बाजारातले किट? २०१८मध्ये तपासणी झाली, ते झोन्युलिन धरतच नव्हते, भलतीच प्रथिनं मोजत होते. त्या रिपोर्टसाठी लोक खिसा रिकामा करतात, याचा मला मनापासून संताप येतो.

गंगापूररोडकर
ती पोस्ट माझी. ताई, फसानो या संशोधकांनी २००० साली झोन्युलिन जगापुढे आणलं, सेलिॲकमध्ये, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं त्या आजारात, ते वाढतं हे दाखवलं, ते काय अडाणी होते? माझ्या बायकोचं पोट वर्षानुवर्षं फुगायचं. डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहून पुढच्या पेशंटला हाक मारायचे. अर्क सुरू केला आणि फरक पडला. घरातला अनुभव मी खोटा म्हणू?

अनघा_पंचवटी
अनुभव खोटा म्हणत नाही, कारण काय ते विचारतेय. फसानोंबद्दल आदर आहेच. पण त्याच वाटेवरचं लॅराझोटाइड, खास टाइट जंक्शन आवळण्यासाठी बनवलेलं औषध, सेलिॲकच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत २०२२ला थांबवावं लागलं. जे त्याला जमलं नाही ते अर्काला जमेल, हे कशावरून? वहिनींनी तेव्हा आणखी काय बदललं होतं?

गंगापूररोडकर
पोळी सोडून भाकरी. आणि गुडघ्यासाठीची पेनकिलर बंद केली होती.

अनघा_पंचवटी
मग आधी पेनकिलरकडे बघा ना! सूज-दुखी उतरवणाऱ्या त्या जातीच्या गोळ्या आतड्याच्या पेशींमधल्या, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडवतात, अस्तर सैल पडतं. ऐंशीच्या दशकापासून माहीत असलेली गोष्ट आहे. आपल्याकडे मात्र मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नेतात आणि उपाशीपोटी घेतात.

कॉलेजरोड_निवासी
बिया राहू द्या, द्राक्षांवरच्या फवाऱ्यांचं बोला. युरोपला जाणारा माल तपासतात. आपण नाशिकच्या रविवार कारंजावर घेतो तो कोण तपासतो? मी मुलांना द्राक्षं देणंच बंद केलंय.

निफाडचा_बागायतदार
या विषयावर शहरातल्यांना फार बोलता येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा धरली, डावणी रोग आला, की घड डोळ्यांदेखत जातो. हौसेने कोणी फवारा मारत नाही. २०१०ला सीसीसी नावाच्या रसायनाच्या अवशेषांवरून युरोपने आपला माल अडवला. ते कीटकनाशकसुद्धा नव्हतं, वाढ आवरणारं संजीवक होतं. शिवारातली माणसं तेव्हा कर्जात बुडाली. तेव्हापासून शेवटचा फवारा आणि काढणी यांतले दिवस आम्ही पाळतो. द्राक्षं बंद केली म्हणून मिरवू नका, त्यावर आमची घरं चालतात.

कॉलेजरोड_निवासी
एक्स्पोर्टच्या बागेत पाळता. लोकल मालाचं काय? उत्तर आलंच नाही.

निफाडचा_बागायतदार
लोकलला सगळे पाळत नाहीत, एवढं मान्य. पण तपासणारी व्यवस्था शेतकऱ्याने उभी करायची का? आणि भाव पाडून मागताना तुम्ही कधी अवशेषांचा रिपोर्ट मागितलाय?

दिंडोरीची_लेक
खाणाऱ्याचंच चाललंय, फवारा मारणाऱ्याचं कोण बोलणार? माझे चुलते दुसऱ्यांच्या बागेत तणनाशक मारायचे, तोंडाला नुसता रुमाल. हातमोजे मागितले तर मालक हसला होता. खोकला त्यांच्याबरोबरच गेला.

अनघा_पंचवटी
हे सगळ्यात आधी बोलायला हवं होतं. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर फुफ्फुसाच्या पेशी ते स्वतःच ओढून घेतात. आत ते पुन्हा पुन्हा ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देत राहतं, वायुकोशांचं अस्तर फाटतं, पाणी भरतं. त्यावर उतारा नाही. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने अडसर तुटतो म्हणजे काय, ते इथे दिसतं. मजुराला हातमोजे आणि मास्क देणं हे कुठल्याही अर्कापेक्षा मोठं काम आहे.

गंगापूररोडकर
ठीक आहे, टेस्ट करत नाही. अर्क मात्र चालू राहील, बायकोला बरं वाटतंय.

अनघा_पंचवटी
वहिनी रक्त पातळ करायची गोळी घेत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

निफाडचा_बागायतदार
दिंडोरीच्या ताई, माझ्याकडच्या माणसांना मास्क देतो. उकडतं म्हणून ते काढून ठेवतात. आता यात माझा दोष किती?

दिंडोरीची_लेक
दुपारी बारालाच फवारायला लावता ना भाऊ? सकाळी लवकर लावा, मग बघू किती जण काढतात.